द्राक्षं, दुर्बीण आणि न येणारी रेल्वे : नारायणगावचं अर्थकारण नेमकं कुठं अडकलंय?

राष्ट्रीय महामार्ग ६१ आमच्या भिवंडीतून सुरू होतो. कल्याण, मुरबाड करत तो माळशेज घाट चढतो, जुन्नर तालुक्यात शिरतो आणि ओतूर ओलांडून आळेफाट्यावर पुणे-नाशिक महामार्गाला भेटतो. तिथून पुण्याच्या दिशेला वळलं की थोड्याच वेळात नारायणगाव लागतं.

भिवंडीचं पोट कशावर चालतं हे सगळ्यांना माहितीय. लूमची खडखड आणि गोदामांच्या रांगा. पूर्णा, काल्हेर, मानकोली, दापोडे या गावांत भाताची शेतं जाऊन पत्र्याची गोदामं आली, कारण मुंबई शेजारी, महामार्ग दारात आणि जकातीच्या काळात मुंबईच्या नाक्याच्या अलीकडे माल उतरवून ठेवायची सोय. म्हणजे भिवंडी उभी राहिली ती इथून काय काय जातं यावर.

नारायणगावची गोष्ट बरोब्बर उलटी आहे. तिथलं अर्थकारण समजून घ्यायचं तर तिथं काय येऊ दिलं जात नाही, हे बघावं लागतं. कारण गावापासून दहाएक किलोमीटरवर खोडद आहे आणि खोडदला आहे जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. या दुर्बिणीला शांतता लागते, आणि त्या शांततेपायी पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावला टाळून दुसरीकडून न्यायचं ठरलंय.

आता तुम्ही म्हणाल, रेल्वेच्या आवाजाचा आणि दुर्बिणीचा काय संबंध? तो आवाज कानाला ऐकू येणारा नाही. तिथपर्यंत येऊच. त्याआधी हे गाव कसं आहे ते बघू.

लिव्हरमोर आणि नारायणगाव

अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिव्हरमोर नावाचं शहर आहे. तिथं १८८३ पासून वाईनसाठी द्राक्षं लावली जातात आणि १९५२ पासून अणुशस्त्रांवर काम करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लेझर वापरून अणुसंमीलनाचा गाजलेला प्रयोग झाला तो तिथलाच. एकीकडे द्राक्षमळे, एकीकडे प्रयोगशाळा, आणि दोघांचं छान जमतं. प्रयोगशाळेत हजारो लोकांना चांगले पगार आहेत, तो पैसा शहरात घरांवर, हॉटेलांवर खर्च होतो आणि शनिवार-रविवारी मळ्यांत वाईन चाखायला गर्दी होते.

महाराष्ट्रात अशी जोडी शोधायला गेलं तर नारायणगाव परिसर चपखल बसतो. हे शहर नाही, मोठं बाजारगाव आहे. पण आजूबाजूच्या पंचक्रोशीचा पैसा इथंच फिरतो. मीना नदी गावातून जाते, येडगाव धरण जवळ. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जुन्नर तालुक्याला पाणी दिलं आणि त्या पाण्यावर द्राक्षं, ऊस, टोमॅटो, कांदा असं सगळं उभं राहिलं.

टोमॅटोचंच बघा. नारायणगावचा टोमॅटो बाजार म्हणजे हंगामात क्रेटच्या थप्प्या आणि गाड्यांच्या रांगा. २०२३ च्या जुलैमध्ये देशभर टोमॅटो महागला, तेव्हा जुन्नर तालुक्यात टोमॅटोवर कोटीच्या वर कमावल्याच्या बातम्या तुमच्याही फोनवर आल्या असतील. त्याच बाजारात भाव पडला की माल रस्त्यावर ओतून द्यायची वेळ येते, त्याच्या बातम्या मात्र तेवढ्या फिरत नाहीत.

तमाशाही इथला धंदाच आहे. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. चैत्रातल्या जत्रांच्या आधी फडमालक इथं राहुट्या टाकतात, गावोगावचे पंच येतात, तारखा ठरतात, सुपाऱ्या दिल्या जातात. एका अर्थानं हा पण घाऊक बाजारच, फक्त माल वेगळा.

पण या भागाला बाहेर नाव मिळवून दिलं ते द्राक्षांनी.

द्राक्षाचा हिशोब प्रयोगशाळेत होतो

द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, तिच्यातून घड येतो. फळछाटणीपासून साधारण चार महिन्यांत माल काढायला येतो. या चार महिन्यांत बागायतदाराची झोप उडालेली असते. डाऊनी येतो, भुरी येते, अवकाळी पाऊस येतो, मणी तडकतात. घडांची विरळणी करायची, मण्याचा आकार वाढावा म्हणून जीएच्या द्रावणात घड बुडवायचे, हे सगळं हातानं. टोळीनं काम करणाऱ्या बाया नसतील तर बाग उभी राहत नाही. जुन्नरकडे काळ्या, लांबट, मोठ्या मण्याच्या जंबो द्राक्षाचं चांगलं नाव आहे. हा माल भारतातल्या शहरांत जातो आणि परदेशातही जातो.

परदेशात जायचं तर एक अट असते, आणि ती शेतात पूर्ण होत नाही. ती प्रयोगशाळेत पूर्ण होते.

२०१० साली महाराष्ट्राच्या द्राक्षांनी मोठा फटका खाल्ला. वेलीची नुसती शेंड्याकडची वाढ आवरावी म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचं संजीवक वापरायचे. शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसी. युरोपनं त्या वर्षी भारतीय द्राक्षात त्याचा अंश शोधला आणि माल अडवला. त्यांची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हा आकडा किती बारीक आहे बघा: वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. कंटेनर बंदरांवर अडकले, भाव कोसळले आणि ज्याच्या बागेत काही चुकलं नव्हतं त्याचाही माल त्याच भावात गेला.

त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून. कोणती औषधं चालतील, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी बंद करायची, कशाचे अंश तपासायचे, हे ठरवण्यात या केंद्राचा मोठा हात आहे. निर्यातीसाठी बागेची नोंदणी करावी लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. अहवाल चांगला आला तरच ती बाग युरोपसाठी पात्र. ग्रेपनेट नावाच्या संगणकीय व्यवस्थेत कुठल्या पेटीतलं द्राक्ष कुठल्या बागेतलं हे मागे जाऊन शोधता येतं. आपल्याकडे असं बाग ते पेटी माग काढणं सुरू झालं ते द्राक्षांपासूनच.

म्हणजे मांजरीच्या प्रयोगशाळेनं द्राक्षाला बाजार उघडून दिला. कटकट वाढवली, खर्च वाढवला, पण दार उघडलं. ही एक प्रयोगशाळा. दुसरी खोडदची. तिचं द्राक्षाशी काही देणंघेणं नाही, तरी ती द्राक्षाच्या वाटेत उभी आहे.

वाईनचं विचाराल तर थोडक्यात सांगतो. आज वाईन म्हटलं की नाशिक आठवतं, पण नाशिकच्या आधी नारायणगाव होतं. श्यामराव चौगुले यांच्या शातो इंडाजनं १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्र आणून इथं बुडबुड्यांची वाईन बनवली आणि ती ओमर खय्याम या नावानं परदेशात विकली. पुढे राज्यानं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, नाशिकमध्ये सुला आणि मागोमाग इतर कंपन्या आल्या. इंडाज मात्र कर्जाच्या ओझ्याखाली गेली आणि २०१० च्या आसपास तिचा कारभार आटोपला. नाशिकमध्ये एक कंपनी बुडाली तरी दुसरी द्राक्षं घेईल अशी स्थिती होती. नारायणगावात एकच मोठं नाव होतं, ते गेलं आणि वाईनची द्राक्षं लावणारे परत खायच्या द्राक्षांकडे वळले. तसंही महाराष्ट्रात पिकणाऱ्या द्राक्षांतला अगदी थोडा वाटा वाईनला जातो, त्यामुळे वाईनच्या गप्पा जास्त आणि पेटीतल्या द्राक्षाचा पैसा जास्त असा मामला आहे.

आता दुर्बिणीकडे

खोडदच्या बाजूला जाताना शेतांमधून पांढऱ्या, जाळीदार, अवाढव्य छत्र्या दिसायला लागतात. एकेक छत्री ४५ मीटर व्यासाची. अशा ३० आहेत. १४ मध्यभागी साधारण चौरस किलोमीटरभर जागेत, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, दूरवर पसरलेल्या. सगळ्यांत लांबच्या दोन छत्र्यांत २५ किलोमीटरचं अंतर आहे. सगळ्या मिळून एकच मोठी दुर्बीण म्हणून काम करतात. त्यामुळे ही काही कुंपणाच्या आतली प्रयोगशाळा नाही, ती अख्ख्या शिवारात विखुरलेली आहे. मधे ऊस आहे, द्राक्षं आहेत, गावं आहेत.

हे उभं केलं डॉ. गोविंद स्वरूप यांनी. त्याआधी त्यांनी उटीला डोंगरउतारावर रेडिओ दुर्बीण बांधली होती. खोडदला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वस्तातली भारतीय युक्ती काढली. भरीव पत्र्याची थाळी बांधण्याऐवजी दोर ताणून त्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी बसवली. वारा जाळीतून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका चालतो, खर्च कमी येतो. (द्राक्षाचा मांडवही तारा ताणूनच उभा करतात, आणि त्यातल्या एका पद्धतीला वायच म्हणतात. हा निव्वळ योगायोग, पण तिथं गेल्यावर डोक्यात येतोच.) दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या एनसीआरए या केंद्राची. २००१ मध्ये रतन टाटांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली.

खोडदच का? कारण पुणे ऐंशीएक किलोमीटरवर असूनही इथं रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता, बाजूच्या डोंगरांची आड होती, आणि विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्यानं उत्तर-दक्षिण दोन्हीकडचं आकाश दिसतं. हे फक्त खगोलशास्त्रज्ञांनाच सुचलं होतं असंही नाही. परदेशी दळणवळणासाठीचं देशातलं पहिलंवहिलं मोठं उपग्रह भूकेंद्र १९७१ साली जवळच्याच आर्वीला उभं राहिलं होतं.

आता शांततेचा मुद्दा. रेडिओ दुर्बीण काही पाठवत नाही, फक्त ऐकते. आणि जे ऐकते ते इतकं क्षीण असतं की चंद्रावर कुणी चालू मोबाइल ठेवला तर तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांत गणला जाईल. मग नारायणगावच्या चौकातल्या मोबाइलचं काय होत असेल, विचार करा.

यातला खरा पेच अजून पुढे आहे. विश्वात सगळ्यांत जास्त असलेला वायू हायड्रोजन. त्याच्या अणूतून १४२० मेगाहर्ट्झची लहर निघते. या लहरीचा पट्टा जगभर राखीव आहे, तिथं कुणी प्रक्षेपण करायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. झकास. पण विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबच्या दीर्घिकेतून निघालेली लहर आपल्यापर्यंत येईतो ताणली जाते आणि तिची वारंवारता उतरते. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली होती की जीएमआरटीनं ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची खूण पकडली. ती निघाली तेव्हा १४२० होती, पोचली तेव्हा ६२० च्या आसपास. आणि राखीव पट्ट्याच्या खाली माणसांनी टीव्ही, मोबाइल, वॉकीटॉकी, सगळं मांडून ठेवलंय. ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये काम करते. म्हणजे विश्वाचा जुना काळ ज्या खिडकीतून दिसतो, त्याच खिडकीत आपलाही पसारा. नियम तिथं संरक्षण देत नाही, फक्त अंतर देतं.

म्हणून जीएमआरटीची माणसं गोंगाट शोधत फिरतात. मोबाइल कंपन्यांशी टॉवरच्या दिशा आणि पट्टे यांवर बोलणी चालतात. विजेच्या तारेवर कुठं सैल जोड असेल, चिनीमातीचा चिमणा फुटला असेल, तर तिथं बारीक ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओ लहरींचा स्फोट. असे खांब शोधून महावितरणला कळवलं जातं. आपल्या भागात डीपीवर ठिणग्या उडत असल्या तरी लाईनमन यायला चार दिवस लागतात, इथं त्याच ठिणगीची तक्रार खगोलशास्त्रज्ञ करतात.

मग रेल्वेचं काय झालं?

पुणे आणि नाशिक, दोन्ही शहरं मोठी, दोन्हीकडे कारखाने, आणि मधे थेट रेल्वे नाही. आजही गाडीनं जायचं तर कल्याण किंवा दौंड-मनमाड असा वळसा. त्यामुळे राज्य सरकार आणि रेल्वे यांच्या भागीदारीतल्या महारेलनं पुणे-नाशिक सेमी हायस्पीड मार्ग आखला. लांबी २३५ किलोमीटर, वेग ताशी २०० किलोमीटर, खर्चाचा अंदाज सोळा हजार कोटींच्या घरात. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा मार्ग. प्रवाशांबरोबर शेतमालाची वाहतूकही होणार होती. काही ठिकाणी जमिनी घ्यायला सुरुवातही झाली. नारायणगावच्या द्राक्ष आणि टोमॅटोवाल्यांनी काय हिशोब मांडले असतील ते सांगायला नको.

२०२४ च्या अखेरीला रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की या मार्गामुळे जीएमआरटीच्या कामात अडथळा येईल, त्यामुळे मार्ग बदलावा लागेल. पुढे संसदेतही तीच भूमिका मांडली गेली. नवा विचार असा: पुण्याहून अहिल्यानगर, तिथून शिर्डी, तिथून नाशिक. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकरांनी विरोध केला. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी मूळ मार्गाचा आग्रह धरला.

रेल्वेचा त्रास नेमका कसा होतो? विजेवरची गाडी डोक्यावरच्या तारेतून वीज घेते. छतावरचा पेंटोग्राफ तारेला घासत जातो, क्षणभर संपर्क सुटला की ठिणगी. ताशी २०० किलोमीटरच्या वेगात हे सतत होत राहणार. या ठिणग्यांचा गोंगाट एका पट्ट्यात राहत नाही, सगळीकडे पसरतो, म्हणून गाळून टाकणं अवघड. त्यात इंजिनातली विद्युत यंत्रणा, गाडी आणि स्थानक यांच्यातलं बिनतारी बोलणं आणि डब्यातले शेकडो मोबाइल. म्हणजे शास्त्रज्ञांची भीती खोटी नाही. जी दुर्बीण फुटक्या चिमण्याची ठिणगी ऐकते, तिच्या बाजूनं धावणारी विजेची गाडी ती ऐकणारच.

समाजमाध्यमांवर यावर दोन गट पडलेत. एक म्हणतो, आकाशातल्या ताऱ्यांसाठी जमिनीवरच्या शेतकऱ्याला का उपाशी ठेवता? दुसरा म्हणतो, गावातल्या पुढाऱ्यांना विज्ञान कळत नाही. मला दोन्ही बाजू आळशी वाटतात.

जीएमआरटी ही ‘तारे बघायची हौस’ नाही. २०२३ च्या जूनमध्ये अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याची घोषणा जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी केली, त्यात भारतीय गटाची निरीक्षणं याच दुर्बिणीची होती. २०१६ मध्ये युरोपचं यान मंगळावर उतरताना त्याचा क्षीण आवाज खोडदला ऐकला जात होता. जगभरचे शास्त्रज्ञ इथली वेळ मिळावी म्हणून अर्ज करतात. अशी दुर्बीण एकदा गोंगाटात बुडाली की तीस छत्र्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट ऐका. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीसाठी १९५८ पासून सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा शांत प्रदेश राखलाय, पण तो बराचसा डोंगराळ आणि विरळ वस्तीचा आहे. जगातली सगळ्यांत मोठी रेडिओ दुर्बीण, स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे, ऑस्ट्रेलियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या ओसाड भागांत उभी राहतेय. भारतही त्यात सहभागी आहे. या सगळ्यांनी शांतता हवी म्हणून माणसं नसलेली जागा शोधली. खोडदची दुर्बीण मात्र बारमाही पाण्याच्या, दाट वस्तीच्या, बाजारपेठेच्या तालुक्यात आहे. इथल्या शांततेला भाडं पडतं, आणि ते भाडं कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

ते भाडं कसं पडतं बघा. परिसरात रेडिओ गोंगाट करू शकेल असा उद्योग आणायचा तर एनसीआरएची ना-हरकत लागते. इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं चाकण गाड्यांच्या कारखान्यांनी फुगलं. जुन्नरची पोरं तिकडे कामाला जातात. लिव्हरमोरमध्ये प्रयोगशाळा हजारो पगार देते म्हणून शहराला तिचा जाच सोसतो. ऐकणाऱ्या दुर्बिणीला तेवढी माणसं लागतच नाहीत. छत्र्या फिरवायला, यंत्रं सांभाळायला मोजका तंत्रज्ञ वर्ग पुरतो आणि शास्त्रज्ञ बहुतेक पुण्यात, नाहीतर थेट परदेशात बसून निकाल बघतात. गावातल्या दुकानदाराला त्यातून किती गिऱ्हाईक मिळणार?

उलट बाजूही आहे. कारखाने आले नाहीत म्हणून इथलं पाणी आणि जमीन शेतीकडे राहिली, असंही म्हणता येईल. चाकणच्या आजूबाजूला आता द्राक्षबागा काढायला कुणी जात नाही. पण ‘तुमचं भलंच झालं’ हे बाहेरच्यानं सांगणं वेगळं आणि गावानं स्वतः ठरवणं वेगळं. भिवंडीच्या गावांनी शेतं विकून गोदामं बांधली, ते बरं की वाईट यावर आम्ही अजून भांडतो, पण निदान तो व्यवहार त्यांनी केला होता.

मला विचाराल तर रेल्वे दुर्बिणीजवळून नेऊ नये हे पटतं. न पटणारी गोष्ट अशी की मार्ग आखला, स्थानकांची नावं जाहीर केली, जमिनी मोजल्या आणि मग दुर्बीण आठवली. दुर्बीण काल आलेली नाही. नकाशावर ती विसाहून जास्त वर्षं आहे. आणि मार्ग बदलताना नारायणगावला त्याच्या बदल्यात काय, हा प्रश्न कुणी पटलावर ठेवला नाही. ज्यातून रेडिओ गोंगाट होत नाही किंवा झाकता येतो अशी कितीतरी कामं आहेत. शीतगृहं, बेदाणा, टोमॅटोची प्रक्रिया, पॅकहाऊस. यंत्रांवर धातूचं आवरण घालून लहरी आत कोंडता येतात, ते तंत्र खोडदच्या लोकांना सगळ्यात चांगलं येतं, कारण स्वतःच्या दुर्बिणीच्या यंत्रखोल्या ते तशाच झाकतात. ज्यांना ना-हरकत द्यायचा अधिकार आहे त्यांनीच ‘असं बांधा म्हणजे देतो’ हे मराठीत लिहून ग्रामपंचायतीत लावलं, तर निम्मा राग उतरेल असं मला वाटतं.

तोवर माल रस्त्यानंच जातोय. नारायणगावला आता बाह्यवळण आहे, खेड घाटातली कोंडी कमी झालीय, पण चाकणला अडकायचं ते अडकायचंच. मुंबईचा माल आळेफाट्यावरून माळशेज उतरतो, पावसाळ्यात दरड आली की तेही बंद.

दुर्बीण बघायची असेल तर दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग मांडतात, हजारो लोक येतात, शास्त्रज्ञ उभे राहून प्रश्नांची उत्तरं देतात. भिवंडीहून जाणार असाल तर माळशेजमार्गे पहाटेच निघा. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असतो, वाटेत बागेच्या कडेला पेट्या भरणं चालू असतं, ताजा माल मिळतो. आणि दुर्बिणीच्या आवारात शिरायच्या आधी मोबाइल बंद करा.